उभं राहायची शिकवणी

लोकांची पोरं पंधरा-सोळा वर्षांची झाली की घरचे त्यांना मोटारसायकल शिकवतात. मी आमच्या वस्तीतल्या पोरांना उभं राहायला शिकवते.

रविवारी सकाळी अंबाजोगाईहून एसटीनं निघते, फाट्यावर उतरते, आणि वस्तीच्या मागे गायरानाचा मुरूम उघडा पडलाय तिथं पोरंपोरी रांगेत उभी करते. मग मी पोलीस होते. ओढणी कमरेला बांधायची, आवाज जाड करायचा आणि एकेकाच्या पुढ्यात जाऊन विचारायचं, "कुठं निघालास बे? खिशात काय हाय? मोबाईल कुणाचा ढापला?" पोरं हसतात. हसला तो बाद, पुन्हा रांगेच्या शेवटाला. एक पोरगी एकदा मला म्हणाली की आत्या, तुमी खऱ्या पोलिसापेक्षा वंगाळ बोलता. म्हटलं, तू खरा अजून ऐकला नाहीस.

आम्ही पारधी. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. लपवलं की लोक हुडकत बसतात आणि सांगितलं की पर्स काखेत ओढून घेतात. मला दोन्हीची सवय आहे. वस्तीतली पहिली पदवीधर मी. अंबाजोगाईच्या कॉलेजातून बीए, वशिला नाही, कॉपी नाही, आणि हे मी कुणीही न विचारता सांगते. आता तिथंच एका खासगी दवाखान्यात केसपेपर काढायच्या खिडकीत बसते. दिवसभर माणसांना नाव, वय, गाव विचारायचं, हेच माझं काम. या कामाला शिवी लागत नाही, दांडकं लागत नाही. पेन लागतं.

दवाखान्यातल्या बाया चांगल्या आहेत असं त्यांचं स्वतःचं मत आहे. एक जण मला कौतुकानं म्हणाली, "तू त्यातली वाटत नाहीस गं." मी विचारलं, त्यातली कशी वाटते? तर ती घाईनं डबा उघडायला लागली. मेथीची भाजी होती. मला आग्रह करकरून वाढली.

माझ्या आजोबांची शिकवणी वेगळी होती. ती एका शब्दात संपायची: पळ. आजोबा फास लावून तितर धरायचे. तोंडानं तितराचा आवाज असा काढायचे की खरा तितर चिडून भांडायला यायचा आणि फासात अडकायचा. तोच आवाज पुढं आमच्या वस्तीचा भोंगा झाला. रस्त्याला पोलिसांची जीप दिसली की जो आधी बघेल त्यानं तितर बोलायचा. बाकीच्यांनी हातातलं टाकून तुरीत घुसायचं, तूर काढलेली असली तर ओढ्यात. जीप येईपर्यंत वस्तीत बाया, म्हातारी माणसं आणि कोंबड्या. गावात काही गेलं, म्हणजे शेळी गेली, पंपाचा स्टार्टर गेला, कुणाच्या लग्नातली अंगठी गेली, की जीप आधी आमच्याकडे. अंगठी पुढं नवरीच्याच बॅगेत सापडते. ते सांगायला मात्र जीप येत नाही.

पळाले म्हणजे चोर, असं साहेब लोक म्हणतात. मी कॉलेजात जायला लागले तेव्हा मला वाटलं की आपण पळून त्यांचं काम सोपं करून देतो. पुरावा हुडकायचं काम आपल्या पायांनी आपणच करून देतो. म्हणून ही शिकवणी. तितर बोलला की पळायचं नाही, थांबायचं. जिथं आहात तिथं उभं राहायचं.

माझ्या थोरल्या भावाला हे कधीच पटलं नाही. तो मला मॅडम म्हणतो. आमच्यात आम्ही आमच्या बोलीत बोलतो, इथं मी मराठीत लिहितेय. तो म्हणाला, "मॅडम, बसलेला तितर मी हातानं उचलतो. उडालेला मला आजवर घावला न्हाई. तुमच्या कॉलेजात हे शिकवलं न्हाई का?"

"आपण तितर न्हाई, दादा."

"हे तू त्यांना सांग. मला कावून सांगतीस?"

तरी मी शिकवत राहिले. हात खिशाबाहेर, पण जोडायचे नाहीत, कारण जोडलेले हात बघून साहेबाला वाटतं, काहीतरी केलंय. नाव, बापाचं नाव, गाव, शाळा, एका दमात, खणखणीत. आमच्या मोठ्या माणसांना खाकी दिसली की कुणी न सांगता उकिडवं बसायची सवय आहे. पोरांना ती लागू द्यायची नाही. मोबाईल वाजला तर उचलू नका, उचललाच तर आईशीसुद्धा मराठीतच बोला. आमची बोली साहेबाला कळत नाही, आणि त्याला जे कळत नाही तो सगळा कट असतो. मारलं तर हात धरू नका. कोऱ्या कागदावर सही नाही. आणि पोलिसांच्या ताब्यात असताना कुणी काहीही सांगो, पळायचं नाही. 'जा, सुटलास, पळ' म्हणाले तरी चालत जायचं. पाठमोऱ्या पळणाऱ्या माणसाबद्दल नंतर काहीही लिहिता येतं.

सरपंचाच्या पोराला यातलं एक अक्षर येत नाही. तो पोलिसाशी बोलताना बुलेटवरून पायसुद्धा खाली टेकवत नाही. त्याला शिकवणी लावावी असं आजवर कुणाच्या मनात आलेलं नाही.

उलट शिकवायला लोक येतात ते आमच्याकडे. एकदा वस्तीजवळच्या शाळेत मार्गदर्शन ठेवलं होतं. मंडप, बॅनर, शाल, नारळ. एका पाहुण्यांनी आमच्या पोरांना सांगितलं की पोलीस आपले मित्र आहेत, मित्राला कुणी घाबरतं का? मग सगळ्यांना चिवडा वाटला. त्याच आठवड्यात मित्र जीप घेऊन आले आणि माझ्या चुलत्याला घेऊन गेले. बॅनर पुढं एका पालावर ताडपत्री म्हणून लागला. पावसाळाभर तो चांगला टिकला, मार्गदर्शनातलं तेवढंच कामाला आलं.

आता भावाच्या पोराबद्दल. अठरा पूर्ण, बारावी पास. कमी बोलणारा, लांब पायांचा. एके रविवारी शिकवणी झाल्यावर तो मागे रेंगाळला आणि म्हणाला, "आत्या, मी पोलीस भरती देणार हाय."

 वस्तीत ही बातमी फुटली तेव्हा लोक आधी हसले, मग गप्प झाले, मग भांडले. एका म्हाताऱ्यानं त्याच्या बापाला विचारलं की उद्या हाच जीप घेऊन आला तर आम्ही तितर बोलायचा का चहा ठेवायचा?  पोराचे बूट मात्र भावानंच आणले, युसूफ वडगावच्या बाजारातून, आणि ते स्वतः घालून वस्तीभर एक फेरी मारून बघितले.

लेखीची तयारी मी करून घेणार होते. अडचण पळायची होती. भरतीत सोळाशे मीटर पळावं लागतं, आणि त्यासाठी रोज पळावं लागतं. आमच्याकडे भरतीची पोरं उजाडायच्या आत डांबरीवर झुंडीनं पळतात, मोबाईलवर गाणी लावून. कुणी त्यांना अडवत नाही, उलट ट्रकवाले हॉर्न वाजवून शाबासकी देतात. आमचं पोरगं त्या झुंडीत दोनदा गेलं. त्यांना शिकवणारे सर म्हणाले, बॅच फुल झालीय. रस्ता फुल होतो हे मला त्या दिवशी कळलं. आणि अंधारात एकटा पळणारा पारध्याचा पोरगा म्हणजे काय, ते वेगळं सांगायला नको.

म्हणून मी ठरवलं की हा पळेल तो उन्हात. सकाळी नऊनंतर, जेव्हा रस्त्यावर माणसं असतात, ज्याला बघायचंय त्याला नीट बघता येतं. बाकीची पोरं गारव्यात पळणार, आमचं तापल्या डांबरावर. वर मी त्याला पिवळाजर्द टी-शर्ट आणला आणि अंबाजोगाईत छापखान्यात नेऊन पाठीवर 'पोलीस भरती' छापून घेतलं, लांबून वाचता येईल एवढ्या अक्षरात. छापणारे चाचा म्हणाले, "इत्ता बडा? लडके की पीठ है या दुकान का बोर्ड?" म्हटलं, चाचा, आमच्या पोराला पळायला बोर्ड लागतो. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे एकदा बघितलं आणि अक्षरं अजून थोडी मोठी केली.

असे काही महिने गेले. पोरगं पळत होतं, बारीक झालं, काळं पडलं. रस्त्यावरचे लोक त्याला ओळखायला लागले, निदान शर्टाला तरी. मग गावातल्या एका विहिरीवरची मोटारीची केबल गेली.

त्या दिवशी मी दवाखान्यात होते. झालं ते मला नंतर तिघांनी तीन तऱ्हांनी सांगितलं, पण मुद्दा एकच. नऊचा सुमार. पोरगं वस्तीसमोरच्या रस्त्यावर पळत होतं. लांबून जीप दिसली आणि कुणीतरी तितर बोललं. वस्तीतली सगळी गडीमाणसं तुरीत गेली, माझा भाऊही गेला. माझ्या शिकवणीतली बाकीची पोरंही गेली, हे मला त्यांच्या आयांनी नंतर सांगितलं, खाली बघून. एकटा तो थांबला. रस्त्याच्या कडेला, पिवळा शर्ट, हात खिशाबाहेर, न जोडलेले. जीप त्याच्यापाशी येऊन थांबली. त्यानं नाव सांगितलं, बापाचं नाव, गाव, शाळा, एका दमात. आणि त्यांनी त्याला गाडीत घातला.

भावाचा फोन आला. आवाज शांत होता, ओरडला असता तर मला बरं वाटलं असतं. "मॅडम, तुरीत गेलेले सगळे घरी हायेत," तो म्हणाला. "हुबा राहिला तो ठाण्यात हाय. तुमी या आता."

ठाण्याचं नाव मी लिहीत नाही. ठाणी आतून सगळी सारखीच असतात: भिंतीवर पुसट झालेलं सुविचाराचं फळकुट, कोपऱ्यात जप्त गाड्यांचा गंज, दारात एक कुत्रं, ज्याला सोडून सगळ्यांना आत काय चाललंय ते ठाऊक असतं. मी दवाखान्याचं ओळखपत्र गळ्यात तसंच ठेवून गेले. पोरगं भिंतीला टेकून उभं होतं. उभं होतं, बसलेलं नव्हतं, हे मी आधी बघितलं. डाव्या गालावर बोटं उठली होती.

धाकधूक एकाच गोष्टीची होती. त्याचं नाव अजून कागदावर चढलं नव्हतं. एकदा चढलं की भरती तिथंच संपते, कारण निवड झाली तरी चारित्र्याची पडताळणी होते, आणि ती याच खोलीतून होते. पुढं निर्दोष सुटला तरी त्या वर्षाची भरती काही थांबून राहत नाही.

खुर्चीत तरुण फौजदार होता, परीक्षा देऊन आलेला, माझ्याच वयाचा असेल. बोलत होता तो जमादार. "सगळे पळाले बाई," जमादार म्हणाला. "ह्यो एकटाच हुबा. हात असे बाहेर काढून. इचारायच्या आधी नाव, गाव, शाळा, समदं पाठ. इतकी वर्सं नोकरी केली आमी. इतका तयार गडी सराईतच असतो."

"मग पळाला असता तर?"

"मंग चोरच की."

मी फौजदाराकडे बघितलं. तो टेबलावरचा पेपरवेट फिरवत होता.

"साहेब, तो भरतीची तयारी करतोय," मी म्हटलं. "पाठीवर लिहिलंय."

जमादाराला हसू आलं. तो म्हणाला की हीच तर युक्ती आहे, असला शर्ट घातला की कुणाला शंका येत नाही, दिवसा फिरून विहिरी बघून ठेवायच्या. मी म्हटलं, "जमादार साहेब, चोर पाठीवर बोर्ड लावून फिरायला लागले तर तुमचं काम लई सोपं होईल. तरी तुमी चुकीच्याच माणसाला धराल."

हे बोलायला नको होतं. उलट बोलायचं नाही हा नियम माझाच. पण तो पोरांसाठी होता, मी बीए आहे.

जमादार माझं ओळखपत्र वाचत होता. "तुमी पारध्याच्या वाटत न्हाईत बाई," तो म्हणाला, आणि मला वाटतं त्यालाही ते कौतुकच वाटत होतं.

फौजदारानं पेपरवेट खाली ठेवला. त्याला बहुतेक जेवायला जायचं होतं. "भरतीचा आहे ना हा?" तो म्हणाला. "मग पळून दाखवू दे. शेजारी बाजाराचं मैदान रिकामं आहे. सोळाशे मीटर. वेळ लावतो मी. खरंच तयारी केली असेल तर कळेलच. जा रे, पळ."

पोरगं जागचं हललं नाही.

"ऐकू येत न्हाई का बे?" जमादार म्हणाला.

"मी पळणार न्हाई साहेब," पोरगं म्हणालं. "पोलिसाच्या ताब्यात पळायचं न्हाई, असं आत्यानं सांगितलंय. कुणी सांगितलं तरी."

 फौजदार पोराकडे बघत होता, मग माझ्याकडे. त्याला कळलं असावं, कारण त्याचा चेहरा लाल झाला. "मी सांगतोय ना," तो म्हणाला. मी म्हटलं, साहेब, तुम्ही सांगितलंत हे ऐकणारे इथं सगळे तुमचेच आहेत. तुमचा एक शिपाई त्याच्याबरोबर पळू द्या. म्हणजे तो एकटा पळाला असं होणार नाही.

फौजदाराला ते पटलं, किंवा त्यात त्याला गंमत वाटली. एक नवा शिपाई होता, मागच्याच भरतीतला. त्यानं टोपी काढून ठेवली, नाड्या आवळल्या. आम्ही सगळे मैदानाच्या कडेला उभे राहिलो. फौजदारानं मोबाईलवर वेळ लावली.

पहिल्या फेरीत दोघं बरोबर होते. शिपाई बरा पळत होता, काही बोलतही होता, आणि पोरगं मान हलवत होतं. मला क्षणभर बरं वाटलं. दुसऱ्या फेरीत शिपाई मागे पडायला लागला. खाकी पँट, कमरेला पट्टा, उपाशी नव्हता पण सवय मोडलेली. आमचं पोरगं सकाळपासून उपाशी, तरी त्याचे पाय सुटले होते. तो लांब गेला. पुढं पिवळा शर्ट, मागे धापा टाकणारी खाकी.

मैदान रस्त्याला लागून होतं. रस्त्याकडेला चहाची टपरी, तिथल्या बाकावर पाच-सहा जण बसलेले, सकाळी पोराला जीपमधून उतरवताना बघितलेले. त्यातल्या कुणाला तरी ते दिसलं आणि तो उठला.

"धरा बे, पारधी पळाला."

सगळे मैदानात घुसले. चहाचे पेले हातातून ठेवायलाही कुणी थांबलं नाही. पोरानं त्यांना समोरून येताना बघितलं आणि तो थांबला. मी शिकवलं होतं तसाच. हात बाहेर, नाव सांगायला तोंड उघडलं होतं. त्यांनी त्याला आडवा पाडला. एक जाडजूड माणूस त्याच्या पाठीवर गुडघा रोवून बसला, बरोबर 'पोलीस भरती' या अक्षरांवर.

शिपाई पोचला तेव्हा त्याला बोलायला दम नव्हता. "सोडा," एवढंच म्हणाला. "शर्यत हाय. शर्यत हाय ही." त्याचं कुणी ऐकेना. खाकीतल्या माणसाचं न ऐकणारा जमाव मी आयुष्यात पहिल्यांदा बघितला. फौजदार धावत गेला, तेव्हा गुडघेवाला उठला आणि पँट झटकत म्हणाला, "साहेब, धरून दिला तुमाला." तो चेहरा मी विसरणार नाही. शाबासकीसाठी पुढं केलेला चेहरा. ती कुणी देईना तेव्हा त्याला वाईट वाटलं, खरंच वाईट वाटलं. सकाळी त्याच रस्त्यानं भरतीची झुंड गेली तेव्हा हा माणूस बहुतेक तिथंच चहा पीत बसला असेल.

फौजदाराच्या हातात मोबाईल होता आणि वेळ अजून चालूच होती. त्यानं ती बंद केली. आकडा बघितला आणि म्हणाला, "चांगला पळतो." मग जमादाराला म्हणाला की नाव लिहायचं काही कारण नाही, सोडून द्या. माझ्याकडे न बघता म्हणाला. सॉरी हा शब्द मी खिडकीत बसून दिवसाला कितीतरी लोकांना फुकट देते, त्याला एक जमला नाही. पण कागद कोरा राहिला. मी तेवढ्यासाठीच आले होते, तेवढं घेऊन निघाले.

केबल पुढं सापडली. कुणाकडे, ते गावाला माहीत आहे. त्या घरी जीप गेली नाही, फोन गेला.

एसटीत पोरगं खिडकीशी बसलं. कोपर सोललं होतं, त्यावर मी रुमाल बांधला. केळी घेतली होती, ती त्यानं सगळी खाल्ली. मग त्यानं विचारलं, "आत्या, बीडला भरतीत पळताना पुढं पळू का मधी पळू?"

"हे काय विचारणं झालं?"

"पुढं गेलो की मागचे पाठलाग करत्यात असं दिसतं. मधी असलो की कुणाला काय दिसत न्हाई."

मी म्हटलं, पुढं पळायचं. वेळेला मार्क असतात. तो "बरं" म्हणाला. मोठ्या माणसाचं मन राखायला म्हणतात तसलं बरं.

बीडच्या मैदानावर भाऊ आणि मी जाळीच्या बाहेर उभे होतो, इतर आईबापांच्या गर्दीत. आत जिकडंतिकडं खाकी. भावाची पावलं आपोआप बाहेरच्या रस्त्याकडे वळत होती, मी दोनदा त्याची बाही धरून त्याला मागे आणलं. पोरांच्या छातीवर नंबर लावले होते. सुरू झालं आणि मला दिसलं की आमचं पोरगं झुंडीच्या बरोबर मधे आहे. डावीकडं एक, उजवीकडं एक, पुढं काही, मागं काही. कुणी मागे पडलं की तो हळू व्हायचा, कुणी पुढं गेलं की थोडा वाढवायचा. किती हुशारीनं मधे राहत होता. श्वासही लागला नव्हता त्याला. पहिली फेरी तशी, दुसरी तशी, तिसरी तशी. ज्यानं त्या फौजदाराच्या शिपायाला अर्ध्या मैदानानं मागे टाकलं, तो त्याच्या निम्म्या वेगाच्या पोरांत लपून पळत होता. इतक्या पोलिसांसमोर पुढं जायची त्याची छाती होत नव्हती आणि मार्क जात होते.

शेवटची फेरी सुरू झाली तेव्हा भावानं दोन्ही हात तोंडाजवळ नेले. मला कळलं, तो तितर बोलणार. त्याला दुसरं काही येत नव्हतं, पळ म्हणायचा तोच एक आवाज त्याच्या बापानं त्याला शिकवला होता. मी त्याचे हात धरून खाली ओढले.

"दादा, नको. तितर बोलला की तो थांबल."

 भावाला ते उमगलं. आमच्या पोराला तितराच्या आवाजावर थांबायला मी शिकवलं होतं, आणि माझं शिकवलेलं ऐकणारा तो एकटाच होता. भावानं जाळीला हात लावला आणि म्हणाला, "मंग तू बोल. तुझं ऐकतो तो."

म्हणून मी ओरडले. आमच्या बोलीत ओरडले, पोलिसांसमोर आईशीसुद्धा बोलू नका म्हणून ज्या बोलीवर मी बंदी घातली, त्याच बोलीत, पोट रिकामं होईपर्यंत. मराठीत त्याचा अर्थ एवढाच: तुझ्यामागं कुणी लागलेलं नाही, पुढं जा.

गर्दी वळून बघायला लागली. जाळीच्या आतला एक पोलीस जवळ आला आणि त्यानं विचारलं की बाई, ही कुठली भाषा? म्हटलं, पारध्यांची. शिकून घ्या, हळूहळू लागेल तुमच्यात.

तो काही बोलायच्या आत पोरगं झुंडीतून सुटलं होतं. आधी बाजूनं एक पाऊल काढलं, मग मागे वळून बघितलं, खरंच कुणी नाही ना ते. आणि मग गेला. त्याच्या गटात तो पहिला आला, आणि पहिला म्हणजे दुसरा अजून वळणावर होता.

बाकीची पोरं रेषेपलीकडे आडवी होत होती, ओकत होती, एकमेकांच्या गळ्यात पडत होती. आमचं पोरगं रेषा ओलांडून जागच्या जागी थांबलं. पाय जुळवलेले, हात बाजूला, तळवे बाहेर. पाटी घेतलेला एक पोलीस त्याच्यापाशी गेला. इतक्या लांबून ऐकू येत नव्हतं, पण पोराचे ओठ हलताना दिसले आणि मला सगळं ऐकू आलं: नाव, बापाचं नाव, गाव, शाळा.

नंतर पोरानंच सांगितलं, तो पोलीस हसला आणि म्हणाला, "एवढं कुणी विचारलं तुला? छातीवरचा नंबर दाखव फक्त."